मुदत संपलेल्या प्राध्यापिकेचा विषय

स्त्रिया, राजकारण आणि राष्ट्राराष्ट्रांतील संबंध, या तिन्हींची सांगड घालणारा एक विषय आज जगातल्या पुष्कळ विद्यापीठांतून शिकवला जातो. त्याच्या इतिहासावर बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सांगितले तेव्हा प्रथम आम्हांस हसूच आले. विद्यापीठाशी आमचा संबंध आला तो तिथल्या सफाई कामगारांच्या पगारवाढीपुरता. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. परंतु विचार करता लक्षात आले की हा विषय आमच्याकडे पुस्तकातून आलाच नव्हता. तो एका बाईच्या प्रश्नातून आला होता.

सोलापुरात आम्ही विडी आणि यंत्रमाग कामगारांचा रविवारचा अभ्यासवर्ग चालवीत असू. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली, हिंदी कामगारांतर्फे आपले ना. म. जोशी तेथे गेले, आणि कारखान्यात स्त्रियांना रात्रपाळीस लावू नये असा करार त्या परिषदेने केला, हे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत होतो. हिंदुस्थानने १९२१ साली त्याला मान्यता दिली, हेही सांगितले. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक विडी कामगार बाई उठली. म्हणाली, "दादा, माझी आजेसासू मिलमध्ये वाइंडिंगला होती. खात्यात रातपाळी चालू झाली आन् बायकांना घरी बसवलं. मग ह्यो कायदा जिंकला कुनी?"

"पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तो पुढचा रविवार यायला काही वर्षे लागली.

त्या शोधात आम्हांस भेटल्या एमिली ग्रीन बॉल्च. अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात बाई अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवीत. जन्म १८६७ चा. त्यांना नोकरी कशी लागली हे ऐकण्यासारखे आहे. १८९६ साली लंडनला समाजवादी कामगारांची आणि युनियनांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ती पाहून बाई बोटीने घरी परत निघाल्या. त्याच बोटीवर वेलस्लीच्या कॅथरिन कोमन या प्राध्यापिका होत्या. बोटीवर गप्पा झाल्या आणि कोमनबाईंनी त्यांना आपल्या हाताखाली घेतले. सुरुवातीचे काम काय, तर मुलींचे पेपर तपासणे! कामगार परिषदेहून परतताना प्राध्यापकी मिळाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही. आमच्याकडे परिषदेहून परतल्यावर बहुधा कारणे दाखवा नोटीस मिळते.

बाईंचा पिंड मुळात वर्गाबाहेरचा होता. बोस्टनच्या गरीब वस्तीत १८९२ साली डेनिसन हाऊस नावाचे सेवाकेंद्र निघाले, त्याच्या उभारणीत त्या होत्या. १९०३ मध्ये बोस्टनलाच स्त्री कामगारांच्या संघटनेसाठी विमेन्स ट्रेड युनियन लीग स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही त्या होत्या. वर्गात त्या समाजवाद शिकवीत, मजुरांचे प्रश्न शिकवीत, परदेशातून पोटासाठी आलेल्या लोकांविषयी शिकवीत आणि स्त्रियांच्या आर्थिक स्थितीविषयीही शिकवीत. त्या काळच्या अर्थशास्त्राच्या वर्गात हे शेवटचे प्रकरण सहसा नसे.

स्लाव्ह लोकांवर ग्रंथ लिहायचा ठरला तेव्हा बाई १९०५ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत गेल्या, जिथून हे लोक निघत ते मुलूख त्यांनी पाहिले. मग अमेरिकेत परतून, जिथे ते येऊन पडत त्या वस्त्यांतही राहिल्या. ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. गाव आणि गिरणी ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे कोकणातून परळला आलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पण ग्रंथ लिहिणाऱ्याने दोन्ही टोके स्वतः जाऊन पाहावीत हे दुर्मीळच. १९१३ साली बाई आपल्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

१९१५ च्या एप्रिलअखेरीस हॉलंडमध्ये हेग येथे युद्धविरोधी स्त्रियांची परिषद भरली. जेन ॲडम्स अध्यक्ष होत्या. बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया जमल्या, त्यांत लढणाऱ्या दोन्ही पक्षांच्या देशांतल्याही होत्या. इंग्लंडहून सुमारे १८० जणी निघणार होत्या. पण उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद झाली आणि त्या किनाऱ्यावर अडकल्या. अमेरिकेच्या स्त्रियांची नूर्डाम ही बोटही डोव्हरजवळ काही दिवस अडकवून ठेवली होती. तिच्यावर बॉल्चबाई होत्या. परिषदेने नुसते ठराव करून घर गाठले नाही. स्त्रियांची दोन शिष्टमंडळे युरोपातल्या राजधान्यांत पाठवली. युद्ध चालू ठेवून, तटस्थ राष्ट्रांनी मध्यस्थी सुरू करावी, एवढीच मागणी. स्कँडिनेव्हिया आणि रशियाकडे गेलेल्या शिष्टमंडळात बॉल्चबाई होत्या. मंत्री भेटत, गोड बोलत आणि दुसऱ्याकडे बोट दाखवीत. वाटाघाटींचा आम्हांस जो अनुभव आहे त्यावरून हे दृश्य डोळ्यांपुढे उभे करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

परत आल्यावरही बाई गप्प बसल्या नाहीत. रजा घेऊन त्यांनी युद्धविरोधाचे काम चालवले. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, आणि कालपर्यंत जे मत होते त्याचा आज द्रोह झाला. १९१८ मध्ये त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली. विश्वस्तांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला आणि १९१९ साली फेरनेमणूक करायची नाही असे ठरवले. बाईंना बडतर्फ केले असे कोणी कोणी लिहितात. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. मुदत संपली, नवी दिली नाही, इतकेच. ज्यांनी कंत्राटी कामगारांची प्रकरणे चालवली आहेत त्यांना या 'इतकेच'चे वजन ठाऊक आहे. यात आरोपपत्र नसते, चौकशी नसते, म्हणून दादही मागता येत नाही. बाईंचे वय बावन्न होते. वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली होती. आम्ही आज त्याच वयाच्या आसपास आहोत. या वयात पहिल्या तारखेचा पगार थांबणे म्हणजे काय, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना सांगायला नको.

आता गंमत अशी की त्याच १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन निघाले. राष्ट्रांतले संबंध हा विषय स्वतंत्रपणे शिकवायचा, म्हणजे पुन्हा असे युद्ध होणार नाही, हा त्यामागचा हेतू. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणी, ग्वेंडोलिन व मार्गारेट, यांनी त्यासाठी २०,००० पौंड दिले. हा पैसा आजोबांच्या कोळशाच्या खाणींतला आणि रेल्वेतला, म्हणजे शेवटी वेल्सच्या खाणकामगारांच्या घामाचा. तो चांगल्या कामी लागला याबद्दल आमची तक्रार नाही. पण देणग्या देणाऱ्यांत स्त्रिया असूनही जो विषय तिथून वाढला त्यात राजे, मंत्री, सेनापती, तह आणि आरमारे होती. खाणकामगाराची बायको कुठे दिसत नव्हती. एकीकडे विषयाला खुर्ची मिळाली, आणि ज्या बाईने वर्गात, वस्तीत आणि राजधान्यांत स्त्री, मजुरी व युद्ध यांची गाठ स्वतः सोडवायला घेतली होती तिची खुर्ची त्याच वर्षी काढून घेतली गेली.

आमच्या विडी कामगार बाईचे उत्तरही त्याच वर्षात सापडते. वॉशिंग्टनला जोशी ज्या परिषदेस गेले होते, तिच्याच सुमारास, त्याच शहरात, स्त्री कामगारांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ती भरवली विमेन्स ट्रेड युनियन लीगने. सोळा वर्षांपूर्वी बॉल्चबाईंनी जिच्या स्थापनेत हात लावला होता तीच. रात्रपाळीविषयी या स्त्रियांचा ठराव काय होता? स्त्रियांना रात्रपाळी नको, आणि अत्यावश्यक कामे सोडून पुरुषांनाही नको! मोठ्या परिषदेने यातला पहिला अर्धा घेतला, दुसरा सोडून दिला. रात्र पुरुषांसाठी उघडी राहिली आणि स्त्रियांसाठी बंद झाली.

आपल्याकडे १९११ च्या कारखाना कायद्यातही स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंधने होतीच, त्यामुळे सारा दोष वॉशिंग्टनच्या माथी मारता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढे तो उतरतच गेला. त्याला कारणे अनेक आहेत: नवी यंत्रे आली, १९२९ च्या मुंबईच्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकावर आला, आणि पाळ्या वाढल्या तसा रात्री न चालणारा कामगार मालकाला नकोसा झाला. परंतु आजेसासू घरी का बसली, याचा एक धागा वॉशिंग्टनच्या त्या दोन सभागृहांमधल्या रस्त्यावर सुटलेला आहे, हे नाकारता येत नाही.

बॉल्चबाईंचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. स्त्रियांच्या शांतता संघाच्या त्या जिनिव्हात पहिल्या आंतरराष्ट्रीय चिटणीस झाल्या. १९२६ मध्ये अमेरिकन सैन्याच्या ताब्यातल्या हैतीत जाऊन सैन्य काढून घ्यावे असा अहवाल त्यांनी तयार केला. सैन्य १९३४ मध्ये निघाले. वेलस्लीने त्यांना १९३५ साली युद्धविरामदिनी व्याख्यानाला बोलावले. १९४६ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना विभागून मिळाले, त्याचे पैसे त्यांनी संघाला देऊन टाकले. चौऱ्याण्णव वर्षे जगून १९६१ साली त्या वारल्या.

विषयाला मात्र वर्गात यायला आणखी पाव शतक लागले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून निघणाऱ्या 'मिलेनियम' नियतकालिकाने १९८८ साली स्त्रिया आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांवर खास अंक काढला. पुढच्या वर्षी क्लार्क विद्यापीठाच्या सिंथिया एन्लो यांचे केळी, समुद्रकिनारे आणि लष्करी तळ यांवरचे पुस्तक आले. केळीच्या मळ्यातली मजूर बाई, तळाभोवतीच्या वस्तीतली बाई, वकिलातीतल्या अधिकाऱ्याची बायको, या साऱ्यांवाचून परराष्ट्रधोरण चालत नाही, हे त्यात दाखवले आहे. क्लार्क आणि वेलस्ली एकाच मॅसॅच्युसेट्स राज्यात आहेत.

आपल्याकडची वाट वेगळी. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. त्याच विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्रियांविषयी संशोधन करणारे देशातले पहिले केंद्र निघाले. त्याच साली स्त्रियांच्या स्थितीवरील सरकारी समितीचा अहवाल आला. समितीच्या सदस्य-सचिव वीणा मजुमदार या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे महिला वर्ष ठरवले आणि सरकारांकडून माहिती मागवली, तेव्हा आपल्या घरातली मोजदाद झाली. कारखान्यांतल्या स्त्रिया कमी होत चालल्या आहेत, असे त्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे.

१९९० साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रात्रपाळीविषयी नवा करार केला. त्यात पुरुष व स्त्रिया दोघांच्याही रात्रपाळीला नियम आहेत. त्याचा सारांश आम्ही मोडक्यातोडक्या मराठीत उतरवला आणि मध्यंतरी त्या बाईच्या घरी घेऊन गेलो. हात थरथरतात म्हणून विड्या वळणे तिने सोडले आहे. वाचता येत नाही, तेव्हा नातीने मोठ्याने वाचून दाखवले. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "आपल्याकडं लागू हाय का?"

आपल्या सरकारने त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही, असे आम्ही सांगितले.