बोट ठेवून दिलेलें उत्तर



परीक्षा म्हटली कीं कागद, लेखणी आणि घड्याळ हीं तीन डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु प्रत्येक उत्तर लिहूनच द्यावें लागतें असें नाहीं. भिंतीवर नकाशा टांगून “गोदावरीचा उगम दाखव” असें गुरुजींनीं म्हणावें आणि मुलानें त्र्यंबकेश्वरावर छडीचें टोंक ठेवावें, हीही परीक्षाच होय. हल्लीं संगणकाच्या पडद्यावर चित्र येतें, विद्यार्थी योग्य जागीं बोट टेकवितो आणि गुण तत्काळ मिळतात. ही रीत नवी भासते खरी. पण तिची पूर्वपीठिका साडेतीनशें वर्षांहून जुनी आहे.

मोराव्हियांतील शिक्षणपंडित कोमेनियस यांचें ‘ऑर्बिस पिक्टस’ हें सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें प्रसिद्ध झालें. त्यांत चित्रांतील वस्तूंवर आंकडे घातलेले असून तेच आंकडे लॅटिन व जर्मन मजकुरांतील शब्दांना दिलेले होते. शब्द आणि चित्रांतील नेमकी जागा यांची ही सांगड शिकविण्यासाठीं होती. परीक्षेसाठीं तिचा उपयोग पुढें झाला.

१९०५ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेद बिने व थिओदोर सिमों यांनीं, ज्या मुलांना शिक्षणांत विशेष साहाय्य हवें तीं ओळखण्यासाठीं, एक कसोटी तयार केली. तींत मुलापुढें चित्र ठेवून, नांव घेतलेली वस्तु बोटानें दाखविण्यास सांगत. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला समजतही नाहीं, हा समज या साध्या युक्तीनें ढिला पडला.

याच कल्पनेची दुसरी बाजू १९१७ नंतर अमेरिकेंत दिसली. पहिल्या महायुद्धासाठीं सैन्यभरती चालू असतां, इंग्रजी वाचतां न येणाऱ्यांकरितां रॉबर्ट यर्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘आर्मी बीटा’ ही चित्रांची कसोटी रचली. अपुऱ्या चित्रांतील उणा भाग पेन्सिलीनें काढावयाचा होता. एका चित्रांत टेनिसच्या मैदानावरील जाळें गाळलेलें होतें. ज्यानें तो खेळ जन्मांत पाहिला नाहीं, त्या परदेशांतून आलेल्या खेडुतानें जाळें कोठून आठवावें? तरीही अशा गुणांवरून माणसांची बुद्धि ठरविली गेली. चित्र ही सर्वांची भाषा आहे, ही समजूत किती फसवी आहे हें त्यावरून दिसून येतें.

संगणकाचा प्रवेश त्यानंतरचा. इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांनीं १९६० सालीं ‘प्लेटो’ ही अध्यापनयंत्रणा सुरू केली. १९७२ सालच्या तिच्या चौथ्या आवृत्तींत पडद्यावर अदृश्य अवरक्त किरणांचें जाळें होतें. त्याचे सोळा उभे व सोळा आडवे, म्हणजे एकूण २५६ चौकोन पडत. बोट कोणत्या चौकोनांत पडलें तें यंत्राला कळे. पुढें १९९० नंतरच्या दशकांत इंटरनेटवरील चित्रांचे भाग निरनिराळे दाबतां येऊं लागले आणि ही सोय सामान्य शिक्षकाच्या हातीं आली.

तिची घडण अवघड नाहीं. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून अंतरें मोजून शिक्षक योग्य जागेभोंवतीं आयत, वर्तुळ किंवा बहुकोन आंखतो. बोट त्याच्या आंत पडलें तर उत्तर बरोबर, बाहेर पडलें तर चूक. ही सीमारेषा बहुधा विद्यार्थ्याला दिसत नाहीं. ती दाखवून चारच जागा पुढें ठेवल्या, तर न शिकलेल्यालाही चारांत एक वेळ यश लाभावयाचें.

खरी जबाबदारी या रेषेपाशींच आहे. नकाशासमोर उभ्या असलेल्या मुलाचा हात थोडा चुकला, तर गुरुजी “नीट दाखव” म्हणत. यंत्र असें विचारीत नाहीं. वर्तुळ फार लहान काढलें, तर लहान पडद्यावर जाड बोट ठेवणारा जाणता मुलगा नापास होतो. फार मोठें काढलें, तर अजाणही पास होतो. प्रश्नाचे शब्दही तोलावे लागतात. हृदयाच्या आकृतींत डावा कप्पा पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. तेथें “डावीकडचा कप्पा दाखवा” असें विचारलें, तर चूक मुलाची म्हणावी कीं मास्तरांची?

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंति आहे कीं, चित्र मुलाच्या ओळखीचें घ्यावें, सीमा थोडी उदार हातानें आंखावी आणि प्रश्न मुलांपुढें मांडण्यापूर्वीं स्वतः लहान पडद्यावर सोडवून पाहावा. ज्या वर्गांत अंध विद्यार्थी असेल, तेथें त्याच ज्ञानाचा प्रश्न शब्दांत किंवा हातानें चाचपतां येणाऱ्या उठावाच्या आकृतीवर विचारावा. आपल्याला तपासावयाचें असतें तें त्याचें ज्ञान. त्याची दृष्टि नव्हे.