तळवा नेमका कोणाचा? घोड्याच्या उंचीचा एक जुना वाद

घोडा विकणाऱ्याने सांगितलेली उंची आणि मोजून भरलेली उंची क्वचितच जुळते. इंग्लंडमध्ये घोडा ‘हँड’मध्ये मोजत. हा आपला कोपरापासूनचा हात नव्हे, तर तळव्याची रुंदी. पण तळवा कोणाचा?

आठव्या हेन्रीला युद्धासाठी थोराड घोडे हवे होते. १५४० च्या त्याच्या कायद्यात हँड चार इंचांचा धरला गेला आणि अनेक परगण्यांतील सामाईक कुरणांवर १५ हँडांहून (६० इंच) ठेंगणा, दोन वर्षांवरील नर घोडा सोडण्यास बंदी आली. असा घोडा ज्याला सापडे, त्याला तो रीतसर मोजवून स्वतःकडे ठेवता येई. विक्रेत्याचे हित उंची फुगवण्यात. इथे पकडणाऱ्याचे हित ती घटवण्यात! शिवाय दरवर्षी शरद ऋतूत कुरणे पिंजून निकृष्ट घोड्या व शिंगरे मारून टाकण्याचा आदेश होता. दलदलीच्या मुलखात मात्र जड घोडा रुततो. तिथे एलिझाबेथच्या राजवटीत, १५६६ साली, १३ हँडांची सवलत द्यावी लागली.

एकक पक्के झाले, वाद उरलाच. उंची जमिनीपासून खांद्यांमधल्या उंचवट्यापर्यंत, सरळ काठीने मोजायची असते. तीच फीत खांद्याच्या गोलाईवरून फिरवली की घोडा ‘वाढतो’. जाड नाल आणखी भर घालते. त्यात लिहिण्याची रीतही फसवी: १४.२ हा दशांश नव्हे. १४ हँड आणि २ इंच, म्हणजे चक्क साडेचौदा हँड, ५८ इंच. पोनी आणि घोडा यांच्यातली रूढ सीमारेषाही नेमकी इथेच आहे.