बंद देवडी : घरचा सर्व्हर जगाला का दिसत नाही?

१/ स्वतःच्या संगणकावर संकेतस्थळ उभारले. घरात ते उघडते, बाहेरून मात्र कोणालाच दिसत नाही. या बंद दारामागे एका टंचाईचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ जगातील पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालत असे. 'हा सर्व्हर आहे, बंद करू नये' अशा आशयाची चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. त्यांचा पहिला ब्राउझर वाचनाबरोबर लेखनाचेही साधन होता. वाचक हाच प्रकाशकही होऊ शकतो, हे त्यात गृहीत होते.

३/ त्यासाठी प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता हवा. १९८१ साली निश्चित झालेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा होता. म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते.

४/ ते पुरणार नाहीत, हे नव्वदच्या दशकारंभीच उमगले. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी 'नॅट' ही योजना मांडली, तीही तात्पुरता उपाय म्हणून. पुढे तिच्यातूनच आजची घरगुती व्यवस्था रूढ झाली : आत १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते, बाहेर सर्वांचा मिळून एकच.

५/ राउटर हा जणू वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी. आतून गेलेल्या निरोपाची तो नोंद ठेवतो आणि उत्तर नेमक्या खोलीत पोहोचवतो. अनाहूत पाहुण्याला मात्र परत धाडतो. '४४३ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्यास अमुक संगणकाकडे न्यावे' ही त्याला दिलेली आज्ञा म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग.

६/ ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे पाच गठ्ठे वाटले गेले. मग अनेक सेवादात्यांनी असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवले. ही दुसरी देवडी, आणि तिची किल्ली आपल्याकडे नाही. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग व्यर्थ ठरते.

७/ वाटा तीन : सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता घेणे, भाड्याच्या सर्व्हरपर्यंत आतूनच बोगदा काढणे, किंवा १२८ बिटांच्या आयपीव्ही६चा अवलंब करून फायरवॉलमध्ये तेवढीच वाट मोकळी करणे. अर्थात उघडलेल्या दारातून चोरही येतो. म्हणून सर्व्हर अद्ययावत ठेवणे अपरिहार्य.

८/ तात्पुरता उपाय तीन दशके टिकला. इंटरनेट चालू राहिले ते त्याच्यामुळेच. पण घरोघरीचा संभाव्य प्रकाशक निव्वळ वाचक होऊन बसला, त्यातही त्याचा वाटा आहे. इतिहासात टंचाई सरते, तिने लावलेल्या सवयी मात्र मागे उरतात.