शीलाचें कोष्टक

सुताराकडे नवा उमेदवार आला म्हणजे तो त्याच्या हातीं रंधा देतो आणि पहिली फळी कशी उतरते तें पाहतो. पोराचें शील कसें आहे याची चौकशी तो मागाहून करतो, किंवा करीतही नाहीं. कारकुनाचें अक्षर पाहतात, वकिलाची सनद पाहतात. परंतु परिचारिकेच्या धंद्याचा अर्वाचीन पायाच मुळीं असा घातला गेला कीं, नव्यानें येणाऱ्या स्त्रीस काम येतें कीं नाहीं याच्या आधीं ती भली आहे कीं नाहीं, हें महिन्याच्या महिन्यास कागदावर नोंदून ठेवावें. हें असें कां झालें, आणि त्याचा भार त्या नवख्या स्त्रियांवर कसा पडला, याची हकीकत लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १८६० सालीं निघालेल्या शाळेच्या इतिहासांत सांपडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव घेतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें हातीं दिवा घेतलेली मूर्ति उभी राहते. त्या दिव्याचा उजेड असा कांहीं प्रखर पडला आहे कीं, बाईंच्या शाळेंत शिकावयास आलेल्या साध्या स्त्रिया त्यापलीकडे दिसेनाशा झाल्या आहेत. येथें त्यांच्याकडेच पाहावयाचें आहे.

त्या काळीं विलायतेंत नर्स या शब्दास कशी दुर्गंधि येत असे, हें डिकन्सच्या वाचकांस सांगावयास नको. ‘मार्टिन चझलविट’ ही त्याची कादंबरी १८४३-४४ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली. तींतील सेअरी गँप ही दारूचा घुटका घेत रोग्याच्या उशाशीं बसणारी गबाळी बाई इतकी लोकप्रिय झाली कीं, साऱ्या नर्सा अशाच असावयाच्या असें लोक धरून चालले. व्यंगचित्रांत अतिशयोक्ति असावयाचीच. रुग्णालयांतील पुष्कळ नर्सा कष्टाळू होत्या. वॉर्डांतील फरशी घासण्यापासून रात्रीच्या जागरणापर्यंत सर्व कांहीं त्या करीत, व मोबदला मोलकरणीचा घेत. वैद्यकांतील थोरांचें मत याहून फारसें उदार नव्हतें. सेंट टॉमसचेच एक वृद्ध शस्त्रवैद्य जॉन फ्लिंट साउथ यांनीं १८५७ सालीं एक पुस्तिका छापून असें प्रतिपादन केलें कीं, नर्सेचा दर्जा घरकामाच्या मोलकरणीसारखाच असून पोटीस करण्यापलीकडे तिला शिकविण्यासारखें थोडेंच आहे. ज्या घरांत तीनच वर्षांनीं पहिल्या उमेदवार स्त्रिया पाऊल ठेवणार होत्या, त्या घरांतील एका कर्त्या पुरुषानें त्यांच्या शिक्षणाविषयींचा निकाल असा अगोदरच छापून ठेवलेला होता!

शाळेस पैसा मिळाला तो क्रिमियाच्या युद्धामुळें. १८५४ च्या अखेरीस नाइटिंगेलबाई स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरांत लंडनांत जाहीर सभा भरून त्यांच्या नांवें वर्गणी सुरू झाली व सुमारें ४५ हजार पौंडांचा निधि जमला. परंतु युद्धाहून परतल्यावर बाईंची प्रकृति खालावली. शाळा त्यांच्या नांवाची. कारभार मात्र रुग्णालयाच्या मेट्रन सेअरा वॉर्ड्रोपर यांच्या हातीं. या बाई विधवा होत्या. वैद्य असलेल्या पतीच्या निधनानंतर प्रौढ वयांत त्या या कामास लागल्या. पद्धतशीर शिक्षण असें त्यांस कोणीं दिलेलें नव्हतें. कर्तबगार व करड्या; माणसाची पारख त्यांस होती, आणि शाळा प्रायः या पारखीवरच चालली.

पहिल्या तुकडींत पंधरा जणी आल्या. वय पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान असावें व चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा, अशी अट होती. मुदत एक वर्षाची. राहणें, जेवण, धुलाई, गणवेष हीं फुकट, वर वर्षाचे दहा पौंड. निजावयास प्रत्येकीस स्वतंत्र खोली दिलेली होती. आज ही बाब क्षुल्लक वाटेल. पण ज्या काळीं नर्सा वॉर्डालगतच्या कोंदट जागेंत निजत, त्या काळीं दाराला कडी असलेली आपली खोली मिळणें, हा या स्त्रियांच्या आयुष्यांतील केवढा पालट असेल! मात्र या खोलीबरोबर पहाराही आला. बाहेर जावयाचें तर एकटीनें जातां येत नसे, सोबतीण पाहिजे. पुरुषांशीं सलगी झाल्याचें दिसलें तर शाळा सुटली. वर्ष संपल्यावरही मोकळीक नाहीं. पुढील कांहीं वर्षें निधीच्या समितीनें नेमून दिलेल्या रुग्णालयांत नोकरी करण्याचें बंधन होतें.

आणि तें कोष्टक! प्रत्येक उमेदवार स्त्रीच्या नांवें एक छापील तक्ता असे व मेट्रन तो दर महिन्यास भरीत. त्याचे दोन भाग होते. पहिला शीलाचा: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, शरीराची व पोशाखाची स्वच्छता, वॉर्डांतील टापटीप. दुसरा कामाचा: जखमा बांधणें, जळवा लावणें, बस्ति देणें, पट्ट्या गुंडाळणें, लुळ्या रोग्यास न दुखवितां कुशीवर वळविणें, त्याच्या पाठीस व्रण पडूं न देणें, पेज व आरारूट शिजविणें, खोलींत हवा खेळती ठेवणें; शिवाय नाडी, श्वास, झोंप, भूक, त्वचा, शुद्धि यांचें निरीक्षण करून डॉक्टरांस बिनचूक सांगणें. समोर उत्तमापासून शून्यापर्यंत पांच पायऱ्यांचे शेरे. या दुसऱ्या भागाची यादी आज वाचली तरी मन थक्क होतें. रोग्याकडे कसें पाहावें याची इतकी बारीक व इतकी व्यवहारी मांडणी तोंपर्यंत कोणीं कामकरी स्त्रियांसाठीं केलेली नव्हती.

परंतु या दोन भागांत एक अंतर आहे. पट्टी सैल बसली कीं घट्ट, हें उमेदवार स्त्रीस स्वतःला कळतें, रोगीही सांगतो, वाद पडला तर पट्टी सोडून पाहतां येते. ‘शांतपणा: मध्यम’ हा शेरा कोणत्या फूटपट्टीनें मोजावयाचा? बोलणें फार म्हणून मध्यम, कीं सिस्टरला उलट प्रश्न विचारला म्हणून मध्यम? अशा शेऱ्यावर दाद मागावयाची तरी कोठें! नवखी स्त्री रोग्यापेक्षां शेरा लिहिणाऱ्या हाताकडे अधिक पाहूं लागली असेल, तर तिला दोष देववत नाहीं.

असें कोष्टक कां केलें, याचें उत्तर मात्र सरळ आहे, व न्यायाची गोष्ट म्हणून तें नोंदलें पाहिजे. तरुण स्त्री परक्या पुरुषांच्या शरीरास हात लावणार, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यांत वावरणार, रात्रपाळी करणार. एका मुलीचें पाऊल घसरलें तर साऱ्या योजनेवर बोट दाखवावयास निंदक टपलेलेच होते. शील हें त्या बाजारांत चालणारें एकच नाणें होतें, आणि नाइटिंगेलबाईंनीं तेंच पाडलें. त्यांचा हेतु स्त्रीस हिणविण्याचा नसून तिला सन्मानानें उभें करण्याचा होता. ती तशी उभी राहिलीही. त्यासाठीं काय मोजावें लागलें तें मात्र हिशेबांत दिसत नाहीं.

कारण तक्त्याचा दुसरा भाग भरावयाचा, तर कोणीं तरी शिकवावयास हवें होतें. तें काम वॉर्डांतल्या सिस्टरांकडे होतें, व त्याबद्दल त्यांस निधींतून जादा पैसे मिळत; पण त्या जुन्याच वळणाच्या, स्वतः न शिकलेल्या. व्याख्यानें देण्याचें काम रुग्णालयाचे निवासी वैद्याधिकारी व्हिटफील्ड यांजकडे होतें. उमेदवार स्त्रियांनीं रोजनिशी लिहावी, असाही दंडक होता. दिवसभर वॉर्डांत राबून आलेल्या, शाळेचें तोंड जेमतेम पाहिलेल्या स्त्रीनें दिव्यापाशीं बसून रोगाचीं लक्षणें वहींत उतरावीं, ही अपेक्षा किती जड होती, याची कल्पना परीक्षेचे कागद तपासणाऱ्या आम्हां शिक्षकांस तरी असावयास हवी. वस्तुतः त्या वॉर्डाच्या हातापायांसारख्या वापरल्या जात. शिकणें उरल्यासुरल्या वेळांत.

हें सारें उघडकीस येण्यास बारा वर्षें लागलीं. १८७१ सालीं रुग्णालय थेम्सकांठच्या नव्या भव्य इमारतींत गेलें, आणि पुढच्याच वर्षीं नाइटिंगेलबाईंनीं शाळेच्या कारभारांत जातीनें लक्ष घातलें, तेव्हां व्हिटफील्ड यांनीं शिकविण्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केल्याचें आढळून आलें. त्यांच्या जागीं जॉन क्रॉफ्ट हे शस्त्रवैद्य आले व व्याख्यानें नियमित झालीं. मोनिका बेली यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या शाळेचीं दप्तरें बारकाईनें तपासलीं आहेत. किती जणी आजारानें गेल्या, किती काढून टाकल्या गेल्या, किती मध्येंच सोडून गेल्या, हें त्यांत वाचलें म्हणजे दिव्याच्या गोष्टीनें मोहरलेलें मन खालीं बसतें.

आजार हा शब्द वर सहज येऊन गेला, पण तो सहज नव्हता. जंतूंचें शास्त्र तेव्हां बाल्यावस्थेंत; लिस्टरची जंतुघ्न शस्त्रक्रिया १८६७ सालची. रोगट हवेनें रोग होतो या समजुतीवर चालणाऱ्या वॉर्डांत नवी नर्स सर्वांत जवळ व सर्वांत जास्त वेळ उभी राही. ॲग्नेस जोन्स ही या शाळेची एक नामांकित विद्यार्थिनी. लिव्हरपूलच्या दरिद्रीगृहाच्या रुग्णालयांत ती १८६५ सालीं बारा नर्सा घेऊन गेली. हजारावर रोगी, त्यांतले कित्येक दारुडे व भांडखोर. तीन वर्षांत टायफसनें ती मरण पावली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं.

पुढें १८८७ पासून इंग्लंडांत परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, परीक्षा घेऊन त्यांस सनद द्यावी, अशी चळवळ बेडफर्ड फेनविकबाईंनीं चालविली. तिला नाइटिंगेलबाईंनींच कसून विरोध केला. परीक्षेनें ज्ञान कळेल, शील कळणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें. म्हणणें खोटें नव्हे. पण ज्यांचें शील दरमहा मोजलें जात होतें, त्यांस निदान एकदां तरी आपलें ज्ञान मोजून घ्यावेंसें वाटलें, यांत नवल तें काय? नोंदणीचा कायदा झाला तो १९१९ सालीं. बाई त्यापूर्वीं नऊ वर्षें निवर्तल्या होत्या.

हीच गांठ आपल्याकडेही पडली. पुण्याच्या सेवासदनाची स्थापना १९०९ सालची. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९११ सालीं ससून रुग्णालयाच्या साह्यानें तेथें परिचारिकांचा वर्ग निघाला. येथें सेअरी गँप नव्हती, पण सोंवळें होतें. परजातीच्या रोग्याचें मलमूत्र काढणें, पुरुषाच्या वॉर्डांत जाणें, रात्रीं घराबाहेर राहणें, यांपैकीं एकेक गोष्ट पुणेरी घरांत कानांवर हात ठेवण्यासारखी. बाळंतपणाच्या वेळीं हवीहवीशी वाटणारी सुईण एरव्हीं उंबऱ्याबाहेर, ही आपली जुनी रीत; शिकलेल्या नर्सेस तीच जागा देण्याकडे लोकांचा कल होता. त्यांतून शिकावयास येणाऱ्यांत विधवाही होत्या. त्यांच्यावर तर घरचा पहारा होताच. वसतिगृहाची शिस्त, गाजलेल्या घराण्यांतील चालकबाई यांच्या आधारानेंच आईबापांचा व सासरचा विश्वास संपादावा लागला. लंडनांत वॉर्ड्रोपरबाईंनीं कागदावर केलें, तें येथें रमाबाईंच्या नांवलौकिकानें केलें.

तरीही येणाऱ्या थोड्याच. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत हिंदुस्थानांतील परिचारिकांचें लोकसंख्येशीं प्रमाण ४३ हजारांस एक असें दिलें आहे. पुढील वर्षीं इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा होऊन साऱ्या देशांत या शिक्षणाचें परिमाण एक असावें असें ठरलें, आणि सेंट टॉमसच्या तक्त्यांतील दुसऱ्या भागास आपल्याकडे प्रथमच अखिल देशाचा कायदा मिळाला.