ग्रंथालय विपणन, कोल्हापूरमधील

ग्रंथालयातील ग्रंथसंग्रह, सेवा व विद्वत्तापूर्ण साहित्य योग्य वाचकांपर्यंत पोचविण्याची नियोजित पद्धती. तिचे वैचारिक मूळ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत सापडते. त्यांत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे तत्त्व आहे. वाचकांच्या गरजांची पाहणी, ग्रंथप्रदर्शने, नव्या ग्रंथांची माहिती व संदर्भसेवेचा प्रसार ही तिची प्रमुख अंगे होत.

कोल्हापुरात अशा कार्याचा आधार असलेली सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८५० मध्ये स्थापन झालेल्या, आज करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेपासून सुरू होते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. भारतातील असा हा पहिला कायदा मानला जातो. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यभर एकच व्यवस्था आली. कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयामुळे संशोधनसाहित्याची सोय झाली. तसेच गुजरातमधील गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहामुळे भारतीय विद्यापीठांतील प्रबंध आता जगभरच्या अभ्यासकांना विनामूल्य वाचता येतात.