आईचे दूध आणि गिरणीचा भोंगा

हिरकणीची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. रायगडावर दूध घालावयास गेलेली ती गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले गडाचे दरवाजे, खाली वाडीत एकटे राहिलेले तान्हे मूल, आणि मग अंधारात तो भयंकर कडा उतरून गेलेली आई. ही आख्यायिका ऐकून आपण आईच्या मायेला हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष त्या कथेतल्या आणखी एका गोष्टीकडे जावयास हवे. ती गोष्ट म्हणजे तो बंद दरवाजा. हिरकणी पोटासाठी गडावर गेली होती. दरवाजा केव्हा लागावा हे तिने ठरविले नव्हते. अशा हजारो आया जगात होऊन गेल्या, आणि त्यांतल्या सगळ्यांनाच कडा उतरता आला नाही.

आई मुलाला अंगावर पाजते की नाही, किती दिवस पाजते, याची चर्चा निघाली की आपण लगेच आईचा स्वभाव तपासू लागतो. पूर्वीच्या बायका कशा आणि हल्लीच्या कशा, अशी तुलना सुरू होते. जुने कागद मात्र काही निराळेच सांगतात.

इ. स. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या दिवसांत मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापसावर किती पैसा मिळविला आणि १८६५ साली तो कसा घालविला, ही हकीकत आपल्या परिचयाची आहे. तिकडे लँकेशायरमध्ये मात्र चुली विझल्या. गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक धर्मादायाच्या अन्नावर आले. अशा उपासमारीत सर्वांत आधी तान्ही मुले दगावतील असे कोणालाही वाटेल. सरकारने परिस्थिती पाहण्यासाठी १८६२ साली डॉक्टर एडवर्ड स्मिथ यांना तिकडे पाठविले. त्यांनी नोंद केली ती अशी की या संकटाचा एक चांगला परिणामही झाला आहे: आयांना आता आपल्या मुलांना अंगावर पाजण्याइतकी सवड मिळाली आहे. पुढे आरोग्यखात्याच्या माणसांनी आकडे पाहिले तेव्हा गिरण्यांच्या कित्येक गावांत त्या हलाखीच्या वर्षांत अर्भकांचे मृत्यू घटलेले आढळले. आई उपाशी होती, पण घरी होती.

एरवी काय चालत असे? बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांनी आई भोंग्याबरोबर गिरणीत जाई. मूल एखाद्या म्हातारीकडे किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीकडे राही. साखरपाण्यात भिजविलेला पाव हे त्याचे अन्न. ते रडू लागले की ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचे औषध चमच्याने पाजीत. हे औषध म्हणजे काकवीसारख्या गोड पाकात मिसळलेली अफू! मूल झोपे, भूक विसरे, आणि पुष्कळदा पुन्हा उठत नसे.

कोणी म्हणेल, आयांना चांगला उपदेश करणारा भेटला असता तर असे झाले नसते. उपदेशाचा प्रयोगही होऊन गेलेला आहे. स्वीडनचा विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५२ साली दायांकडून दूध पाजविण्याच्या रूढीविरुद्ध निबंध लिहिला. १७५८ साली त्याने मनुष्यासह एका मोठ्या प्राणिवर्गाला नाव दिले तेही स्तनांवरूनच. त्यानंतर १७६२ साली फ्रान्समध्ये रूसोचा ‘एमिल’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आयांनी आपली मुले आपणच पाजली की राष्ट्राची नीती आपोआप सुधारेल, असे त्याने मोठ्या आवेशाने सांगितले. स्वतःची पाच मुले या गृहस्थाने अनाथालयात टाकली होती, हे येथे सांगितलेले बरे. त्याच्या ग्रंथाने सरदारघराण्यांतील काही स्त्रिया हेलावल्या. परंतु अठरा वर्षांनी, १७८० साली, पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख लनुआर याने हिशेब मांडला तो असा: शहरात दरसाल सुमारे एकवीस हजार मुले जन्मतात, त्यांपैकी आपल्या आईचे दूध मिळते ते जेमतेम एक हजारांना, घरी ठेवलेल्या दायांचे मिळते ते आणखी एक हजारांना, आणि बाकीची सारी खेड्यांतल्या दायांकडे रवाना होतात.

ही एकोणीस हजार मुले काही सरदारांची नव्हती. ती कारागिरांची, दुकानदारांची, मजुरांची होती. लिओंच्या रेशीम विणणाऱ्या कुटुंबांत बायकोचे हात मागावरून निघाले तर घर चालत नसे. दाईला द्यावयाचे पैसे त्यापेक्षा कमी पडत. आणि खेड्यातली ती दाई? ती आपले मूल वरच्या दुधावर ठेवून किंवा तिच्याहूनही गरीब बाईकडे सोपवून शहरातल्या मुलाला पाजी. दूधसुद्धा गरिबाच्या घरून पैशाच्या दिशेने वाहत गेले. दायांकडे ठेवलेली मुले इतकी मरू लागली की अखेर १८७४ साली तेओफिल रूसेल या डॉक्टर असलेल्या लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नाने फ्रान्सला कायदा करावा लागला, आणि पैसे देऊन बाहेर ठेवलेले दोन वर्षांखालील प्रत्येक मूल सरकारी देखरेखीखाली आले.

आता आपल्या घरी येऊ. ज्या कापसाने लँकेशायरच्या गिरण्या चालत, त्याच कापसावर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १९२० च्या सुमारास त्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाईंनी त्यांच्या बाळंतपणांची चौकशी केली आणि १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. तिचे येथले नाव ‘बाळगोळी’. लँकेशायरची बाई आणि कोकणातून किंवा घाटावरून परळला आलेली बाई यांची भाषा, धर्म, रीतिरिवाज सारे वेगळे. परंतु भोंगा तोच, म्हणून गोळीही तीच.

दरम्यान १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठरविले होते की बाळंतिणीला सहा आठवडे रजा व निर्वाहापुरते पैसे मिळावेत, आणि कामावर आल्यावर मुलाला पाजण्यासाठी रोज अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या मिळाव्यात. हिंदुस्थान सरकारने तो करार मान्य केला नाही. पण १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयक आले, आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे म्हणजे सरकारने उचलावयास हवा, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा १९२९ साली झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. भार मात्र मालकावर पडला. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील बायकांचे प्रमाण घसरत गेले. रात्रपाळीची बंदी व नवी यंत्रे ही कारणेही त्यात होतीच. पण बाई कामावर घेतली की खर्च वाढतो, हा मालकांचा हिशेबही होता. आईच्या रजेचा बोजा एकट्या धन्यावर टाकला की तो आईलाच वगळतो, हे बाबासाहेबांच्या भाषणाकडे नीट पाहिले असते तर आधीच उमगले असते.

भोंग्याखेरीज आणखी दोन गोष्टींनी मुलाला आईपासून दूर केले: डॉक्टरचे घड्याळ आणि दुकानातला डबा. या शतकाआधीच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या डॉक्टर ट्रुबी किंग यांच्या शिकवणीने दर चार तासांनीच पाजावे, मध्ये मूल रडले तरी उचलू नये, असा नेम पसरला. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. परंतु दुधाचा धर्म निराळा आहे. मूल जितके ओढील तितके दूध बनते. ओढणे कमी झाले की झरा आटतो. घड्याळाने झरा आटविला की डबा हजर असेच. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध व गव्हाच्या पिठाचे बालान्न विकावयास काढले आणि पुढे हा धंदा जगभर गेला. ज्या अर्भकाला आई नाही, किंवा जिची आई आजारी आहे, त्याला असे अन्न प्राणदायी ठरू शकते. पण १९३९ साली सिंगापुरात डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी काय पाहिले? परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या बायका बाळंतिणींना गोड आटविलेल्या दुधाचे डबे खपवीत होत्या. चार दिवस डबा वापरला की अंगावरचे दूध जाई. मग डबा विकत घेण्याची ऐपत नसे, पाणी शुद्ध नसे, आणि मूल जाई. तेथल्या रोटरी क्लबाने त्यांना व्याख्यानाला बोलाविले तेव्हा त्यांनी विषय दिला ‘दूध आणि खून’, आणि अशा प्रचाराला खूनच म्हटले पाहिजे असे त्या प्रतिष्ठितांना तोंडावर सांगितले. जगाला ते पटावयास बेचाळीस वर्षे लागली. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा जाहिरातींविरुद्ध संहिता मंजूर केली. बाजूने मते एकशे अठरा, विरुद्ध एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला.

गेलेली रीत परत येऊ शकते काय? येऊ शकते. नॉर्वेत १९६० नंतरच्या दशकात अंगावर पाजणे फार कमी झाले होते. १९६८ साली तेथील आयांनी एकमेकींना मदत करणारी संघटना काढली, रुग्णालयांनी आपले नियम बदलले, राज्याने पगारी रजा वाढवीत नेली. आज श्रीमंत देशांत तो देश या बाबतीत पुढे आहे. तेथील आया अधिक मायाळू झाल्या असे नव्हे. त्यांच्यापुढचे दरवाजे उघडले.

आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली सुमारे एकोणनव्वद बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. पण जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले बेचाळीसच. आई दवाखान्यात, डॉक्टर हजर, परिचारिका हजर, आणि तरीही मूल आईच्या कुशीत वेळेवर पोहोचत नाही! यात आईचा कोणता दोष? १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या, २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु ऊस तोडणारी, विटा वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई या कायद्याच्या कागदावर कोठेच नसते. तिचे मूल फडाच्या बांधावर झोळीत असते.

आपल्या एस. टी. स्थानकांवर तान्ह्या मुलांच्या आयांसाठी ‘हिरकणी कक्ष’ ठेवले आहेत. नाव फार चांगले निवडले आहे. पुढच्या खेपेला स्थानकावर गेलात तर तेवढे एक करा: त्या खोलीला कुलूप आहे की ती उघडी आहे, हे पाहा, आणि कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे, ते विचारा.