बाहेरून काळ्या दिसणाऱ्या खिडक्या

बेल्ह्याहून निघालेली एसटी आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरते आणि मुरबाडमार्गे कल्याणला पोचते. तिथून पुढे लोकल. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा मांडला, तेव्हापासून जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली माणसे त्या कामाला लागली ती आजतागायत. दुपारच्या आत चर्चगेटला डबे उतरतात आणि फोर्टातल्या कचेऱ्यांकडे हातगाड्या, सायकली सुटतात. वाटेत मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा लागतो. तिथल्या ग्रंथालयाला मुंबईतल्या नामांकित रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यात बघण्यासारखे काही दिसत नाही. दगडी महिरपीत बसवलेले काळपट चौकोन, एवढेच.

दोष काचेचा नाही. उजेड आरपार यावा म्हणूनच ती केलेली असते. दिवसा बाहेर लख्ख आणि आत अंधूक असल्यामुळे रंग फक्त आतल्या माणसाला दिसतो. रस्त्यावरच्याच्या वाट्याला शिशाच्या पट्ट्या आणि धूळ. सव्वाशे वर्षे या खिडक्यांकडे दुर्लक्ष झाले, त्याचे एक साधे कारण हेही असावे. जे बिघडते ते बाहेरून कळत नाही, आणि आतला माणूस पुस्तकातून मान वर काढत नाही.

मनोऱ्याची कथा मुंबईकरांना पाठ असते. कापसाच्या तेजीत अमाप पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या, राजाबाईंच्या नावाने उभारायच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख देऊ केले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि प्रेमचंदही बुडाले. इमारत मात्र झाली. १८६९ च्या मार्चमध्ये पाया घातला गेला, १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत.

दगड कुर्ल्याचा. मनोऱ्यावरच्या पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती घडवल्या त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्याने. दगडकामात मुंबईचा हात असा ठायी ठायी दिसतो. रंगीत काच मात्र त्या काळी विलायतेहूनच येई. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये तर विलायती कारागिराचे नावच सांगता येते. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले हे चर्च १८५८ च्या जानेवारीत उपासनेसाठी खुले झाले. तिथल्या पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. ही काच बसवायला शिकलेले हात इथे होते, पण घडवायला शिकलेले नव्हते, आणि मोडली तर नीट करायला तर नाहीच नाही. पुढचे सगळे रामायण यातून घडले.

आपल्याकडे काच नव्हती असे नाही. ‘तावदान’ हा शब्दच फारसीतल्या ‘ताबदान’वरून आलेला, म्हणजे उजेड आत घेण्याची जागा. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवत. त्यातून येणारा दुधाळ उजेड डोळ्यांना सुखावतो. वाड्यांत हंड्या-झुंबरे होती, रंगीत तावदानेही होती. पण ती अख्ख्या रंगीत काचा चौकटीत बसवून केलेली. शेकडो तुकडे शिशाने जोडून चित्र उभे करण्याचा मामला वेगळा.

त्यात रंग बाहेरून फासलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातू मिसळतात. कोबाल्टने निळी, तांब्याने लाल, मँगनीजने जांभळी आणि सोन्याच्या अगदी किंचित अंशाने गुलाबी काच होते. तांब्याची लाल काच इतकी गडद उतरते की जाड केली तर काळीच दिसेल. म्हणून साध्या काचेवर तिचा पातळ थर चढवतात. चेहऱ्याच्या, कपड्याच्या चुण्यांच्या रेषा लोहभस्म आणि काचेची पूड कालवून काढतात आणि साधारण सहाशे अंशांच्या पुढे भट्टीत भाजतात. पिवळ्या रंगासाठी काचेच्या पाठीला चांदीचा क्षार लावून भाजला की चांदी काचेत मुरते आणि लिंबापासून केशरापर्यंतच्या छटा येतात. इंग्रजीत ज्याला ‘स्टेन’ म्हणतात तो काटेकोर अर्थाने एवढाच. बाकीच्या खिडकीने ते नाव उसने घेतले आहे.

मध्ययुगातली ही विद्या पुढे युरोपातही विसरली गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चार्ल्स विन्स्टन नावाच्या इंग्रज वकिलाने जुन्या काचांची रासायनिक तपासणी करवून घेतली आणि लंडनच्या पॉवेल यांच्या कारखान्यात तशी काच पुन्हा निघू लागली. वकिलाने कोर्टाबाहेर केलेल्या कामांत हे बरेच वरचे म्हणावे लागेल. गंमत अशी की तोंडाने फुंकून केलेल्या या काचेला धंद्यात आजही ‘अँटिक ग्लास’ म्हणतात. काल भट्टीतून निघाली असली तरीही.

खिडकीचा जीव मात्र काचेत नसतो, शिशात असतो. इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाची शिशाची पट्टी असते. तिच्या दोन खाचांत दोन बाजूंचे तुकडे बसतात आणि सांधे कथील-शिशाने झाळतात. मग फटींत जवसाचे तेल आणि खडूची पूड यांची लांबी भरतात. अख्खे तावदान मागच्या लोखंडी गजांना तांब्याच्या तारेने बांधतात. शिसे मऊ म्हणून वळते, आणि मऊ म्हणूनच थकते. उन्हाने ते काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, रात्री आकसते. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत सांध्याजवळ चिरा पडतात, लांबी भुगा होऊन गळते आणि तावदानाला पोट सुटते. जुनी काच वाहून खाली जमते, अशी एक समजूत लोकांत घट्ट आहे. ती खोटी आहे. वाकते ते शिसे, काच बिचारी त्याच्याबरोबर जाते. चांगल्या शिशाला शंभर-सव्वाशे वर्षांचे आयुष्य धरतात. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुंबईच्या खिडक्यांची मुदत विसाव्या शतकाच्या अखेरीस एकदमच भरत आली.

त्यात मुंबईची हवा. खारे वारे, चार महिने आडवा पाऊस, गंजून फुगणारे लोखंडी गज. गज फुगला की शेजारच्या दगडालाही तडा जातो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा गोदीपासून कित्येक मैलांवरच्या इमारतींच्या काचा खळाखळा फुटल्या होत्या. पण स्फोट एकदा होतो. रंगीत खिडक्यांचे खरे हाल केले ते दुरुस्तीने.

एक तुकडा निखळला की हाताशी असेल ते तिथे बसे. बाजारातली रंगीत काच, नाहीतर साध्याच काचेवर तेलरंगाचा हात, पुढे ॲक्रिलिकचा पत्रा. सुताराने दिलेली लांबी किंवा सरळ सिमेंट. शिशाच्या लवचीक पट्टीच्या जागी सिमेंट आले की हलायला जागा उरत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारची शाबूत काचही तडकते. यात कोणाची लबाडी नव्हती. पाऊस आत येत होता, तो थांबवायचा होता. सुताराला दिलेले काम पाऊस थांबवण्याचे होते आणि ते त्याने चोख केले. म्हणूनच आजच्या जतनकर्त्याचा निम्मा वेळ मूळ खिडकीवर नव्हे, तर मधल्या दुरुस्त्या उतरवण्यात जातो.

जतनाचे हे काम मुंबईत ज्यांनी रुजवले त्यात स्वाती चंदगडकर यांचे नाव ठळक आहे. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय, काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग अशा वास्तूंच्या काचा त्यांच्या हाताखालून गेल्या. दीक्षान्त सभागृहातली मोठी गोल खिडकी बघण्याजोगी आहे. तिच्या कडेने बारा राशी फिरतात. पदवी घेणाऱ्या पोरांच्या डोक्यावर मेष-वृषभ-मिथुन, आणि तेही इंग्रजी चर्चच्या धाटणीच्या काचेत. त्या काळच्या विद्यापीठाची सगळी सरमिसळ त्या एका खिडकीत सापडते.

प्रत्यक्ष काम चालते ते टेबलावर. तावदान उतरवले की आधी फोटो, मग त्यावर कागद पसरून मेणखडू घासतात. शिशाच्या उंच रेघा कागदावर उमटतात आणि पूर्ण आकाराचा छापा मिळतो. प्रत्येक तुकड्याला छाप्यावर नंबर. मग शिशाची पट्टी कडेने कापून उलगडतात. वाळलेली लांबी लाकडी किंवा बोथट पात्याने खरवडतात, कारण लोखंडाचा एक ओरखडा काचेवर कायमचा राहतो. धुण्याआधी कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यात हळूच तपासून बघतात. भाजणी कच्ची राहिलेला चेहरा पाण्यानेही पुसला जाऊ शकतो. दीडशे वर्षांची काजळी काढताना डोळा, भुवई, दाढी धुऊन गेली, तर परत आणायला कोणी नाही.

तडकलेला तुकडा फेकायचा नाही, हा या धंद्यातला आजचा दंडक. कडेला कडा भिडवून पाण्यासारख्या पातळ इपॉक्सीचा थेंब तड्यात सोडला की तो आपणहून आत ओढला जातो. इंग्लंडात यॉर्कच्या कॅथीड्रलला ९ जुलै १९८४ च्या पहाटे आग लागली, तेव्हा तिथल्या गोल खिडकीच्या काही हजार तुकड्यांना सुमारे ४० हजार तडे गेले, पण खिडकी खाली आली नाही. काही वर्षांपूर्वीच तिचे शिसे बदललेले होते. ती काच चिकटवून पुन्हा जागेवर बसली. तडे आहेत, पण खालून शोधावे लागतात.

तुकडा नसेलच, तर नवा कापायचा. त्यासाठी फुंकलेली काच अजूनही परदेशातून मागवावी लागते. खरे तर पुणे जिल्ह्यातच, तळेगावला, लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. पाठोपाठ १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा. दिव्याच्या काचा, बाटल्या, प्रभाकर कंदील घरोघर गेले. स्वदेशीला उजेड हवा होता तो अभ्यासाला आणि गोठ्यात न्यायला. माणकासारख्या लाल काचेची गरज तेव्हा कोणाला पडणार?

नंतर काच कापायची हिरकणी, नवी शिशाची पट्टी, झाळकाम. लांबी चोळली की वर लाकडाचा भुसा टाकून घासतात. जादा तेल भुसा पितो आणि शिसे काळेभोर चमकू लागते. ग्रंथालय आणि मनोऱ्याचे काम इंडियन हेरिटेज सोसायटीने टीसीएसच्या पैशावर २०१३ ते २०१५ मध्ये केले. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २०१८ साली त्याचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. १८८४ सालचे सिनेगॉग २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा खुले झाले. तिथली, धर्मग्रंथ ठेवायच्या पवित्र कपाटावरची रंगीत काच जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला आहे. त्यामुळे ती बघायची तर उन्हे उतरताना. डबेवाले तोवर रिकामे डबे घेऊन गाडीत बसलेले असतात.

नवा तुकडा बसवण्याआधी काही कारागीर त्याच्या कोपऱ्यात, शिशाखाली झाकेल अशा जागी, बारीक अक्षरांत साल कोरतात. खिडकी बघणाऱ्याला ते कधी दिसणार नाही. शिसे थकेल आणि पुढचा कोणी पट्टी उलगडेल, तेव्हा यातले मूळचे काय आणि मागाहूनचे काय, हे त्याला तिथे वाचता येईल.